आवाज आला की माणूस कळतो: चेहरे न ओळखू येणाऱ्या एका दुकानदाराचं प्रकरण

ओळख पटू नये म्हणून गाव, वय, नाती आणि आकडे बदलले आहेत. वैद्यकीय क्रम आणि निर्णयांचा क्रम तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातलं किराणा दुकान, ३१ वर्षं जुनं. मालक ५८ वर्षांचे. घरचे आणि गिऱ्हाइकं दोघंही त्यांना आप्पा म्हणतात, म्हणून इथंही तेच नाव. दुकानाचा निम्म्याहून जास्त धंदा उधारीवर. सुमारे १४० खाती, आणि वहीत नावं अशी: ‘गवळ्यांची सून’, ‘मास्तर (नवे)’, ‘पिंपळाजवळच्या मावशी’. गवळ्यांच्या घरात सुना तीन आहेत. त्यातली कुठली, हे वहीत कुठंच लिहिलेलं नव्हतं, कारण गरजच नव्हती. समोर उभी राहिली की आप्पांना कळायचं. म्हणजे खातं उघडण्याची किल्ली आप्पांच्या मेंदूत होती, आणि ती किल्ली म्हणजे चेहरा.

एका सकाळी डोकं मागच्या बाजूनं ठणकत होतं. शटर वर करून आत शिरताना दारात टांगलेल्या वेफर्सच्या माळा कपाळावर आपटल्या. रोज ते मान वाकवून जायचे. त्या दिवशी माळा दिसल्याच नाहीत. हातपाय ठीक, बोलणं स्वच्छ, तोंड वाकडं नाही, म्हणून पक्षाघाताची शंका कुणालाच आली नाही. गावातल्या दवाखान्यात रक्तदाबाची गोळी मिळाली. तिसऱ्या दिवशी ‘डावीकडं वर धूसर दिसतं’ म्हणून ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले. तिथं दृष्टिक्षेत्राची तपासणी झाली, आणि दोन्ही डोळ्यांत डावीकडचा वरचा कोपरा सारखाच गेलेला निघाला. दोष डोळ्यात असता तर दोन्ही डोळ्यांत नेमका तोच कोपरा गेला नसता. डॉक्टरांनी चष्म्याचा कागद न देता एमआरआयचा कागद दिला. या सगळ्या प्रवासातला हा सर्वांत अचूक निर्णय.

एमआरआयमध्ये उजव्या पोस्टेरिअर सेरेब्रल धमनीच्या क्षेत्रात, म्हणजे मेंदूच्या मागच्या-खालच्या भागात, रक्तपुरवठा तुटलेला दिसला. इसीजीत ठोके अनियमित होते, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. हृदयात तयार झालेली गुठळी वर जाऊन अडकली, असा अर्थ लागला. रक्त गोठू न देणारी गोळी सुरू झाली, पाचव्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर ‘हातापायांत शक्ती पूर्ण, बोलणं ठीक’ एवढंच. चेहऱ्यांबद्दल कुणी विचारलं नाही, आणि आप्पांनीही सांगितलं नाही. रुग्णालयात डॉक्टर पांढऱ्या कोटात येतात, नर्स ठरलेल्या गणवेशात, आणि घरचे बोलतच आत शिरतात. तिथं चेहरा ओळखायची वेळच येत नाही.

समस्या

दुकानात पहिल्या आठवड्यातच अडायला लागलं. संध्याकाळी सातच्या गर्दीत काउंटरपाशी दोन बायका, दोघींच्या डोक्यावर पदर, दोघींच्या हातात नायलॉनच्या पिशव्या. माल एकीनं नेला, १,१८० रुपये दुसरीच्या खात्यावर चढले. महिनाअखेरीस दुसरी वही बघून म्हणाली, “आप्पा, मी तेलाचा डबा नेलाच नाही.” असे वाद महिन्याला सरासरी अकरा होऊ लागले. पाच महिन्यांत २६,४०० रुपयांच्या नोंदी वादात गेल्या आणि त्यातले बरेच आप्पांनी निमूट सोडून दिले.

पैशापेक्षा जास्त लागलं ते दुसरंच. रस्त्यात समोरून माणूस येतो, नमस्कार करतो, आणि आप्पा कोऱ्या नजरेनं पुढं जातात. ‘आजारपणातून उठला आणि माज आला’ असं बोललं जाऊ लागलं. देवळाच्या कट्ट्यावर बसणं त्यांनी स्वतःहून बंद केलं.

घरात तीन अंदाज होते. पत्नीला वाटे, विसरायला लागले. मुलाला वाटे, चष्मा बदलायला हवा. तिसरा अंदाज एका नातेवाइकाचा, करणीचा, तो कुणी उघड बोललं नाही पण लिंबू उतरवून झालं. विसरण्याच्या तक्रारीवर एका डॉक्टरांनी डोनेपेझिल सुरू केलं, जे अल्झायमरमध्ये देतात. दोन महिन्यांत फरक शून्य. उलट नाडी पन्नाशीपर्यंत उतरली आणि चक्कर येऊ लागली, तेव्हा ते बंद झालं. हृदयाचे ठोके मुळात बिघडलेल्या माणसाला, निदान पक्कं नसताना, ठोके आणखी मंद करू शकणारं औषध देणं टाळता आलं असतं.

खरा धागा मुलीच्या हाती लागला. ती सुट्टीला गावी आली. एसटी स्टँडवर न्यायला आलेले आप्पा तिच्या अंगावरून पुढं गेले आणि मागच्या बसकडं बघत उभे राहिले. तिनं मागून हाक मारली, “आप्पा!” ते त्याच क्षणी वळले. “अगं, कुठं उतरलीस तू? मी केव्हाचा बघतोय.” मुलीनं घरी येऊन आईला विचारलं, “आई, आवाज ऐकल्यावर कधी चुकलेत का ते?” आईला एकही प्रसंग आठवेना. विसरणाऱ्या माणसाला आवाजावरूनही नाव आठवणं तितकंच जड जायला हवं. इथं तसं नव्हतं. या एका प्रश्नानं प्रकरण स्मरणशक्तीच्या तक्रारीतून बाहेर निघालं आणि सहाव्या महिन्यात न्यूरोसायकॉलॉजिस्टकडं, म्हणजे मेंदूच्या इजेनं ओळखणं-आठवणं कुठं बिघडलं हे तपासणाऱ्या तज्ज्ञाकडं गेलं.

कुठल्या पायरीवर अडलं

माणूस ओळखणं ही एक उडी वाटते, पण त्यात पायऱ्या आहेत. डोळे, नाक, ओठ दिसायला हवेत. त्यांचा मिळून एक चेहरा व्हायला हवा. तो आधी साठवलेल्या चेहऱ्याशी जुळायला हवा. मग हा माणूस कोण, काय करतो, कुठं राहतो हे उलगडतं, आणि सगळ्यात शेवटी नाव. १९८६ मध्ये ब्रूस आणि यंग या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेला हा आराखडा आजही तपासणीला उपयोगी पडतो, कारण कुठली पायरी तुटली यावर उपाय ठरतो. नाव आठवत नसेल तर तो निराळा दोष, माणूसच पुसला गेला असेल तर निराळा.

आप्पांची तपासणी या क्रमानं झाली. नेहमीच्या मानसिक चाचणीत, एमएमएसईत, ३० पैकी २८. आधीच्या डॉक्टरांकडंही एवढेच आले होते. या चाचणीत चेहऱ्याचा एकही प्रश्न नाही, त्यामुळे हा आकडा या दोषाबद्दल काहीच सांगत नाही. वस्तू दाखवल्या तर सगळ्या ओळखल्या. चेहरा बाईचा की पुरुषाचा, तरुण की म्हातारा, हे बरोबर. भाव ओळखण्यात २० पैकी १७. म्हणजे चेहरा दिसत होता, आणि तो हसतोय की रागावलाय हेही कळत होतं. फक्त कुणाचा, ते कळत नव्हतं.

सार्वजनिक व्यक्तींची ३० छायाचित्रं इथंच तयार केली. यात एक खबरदारी लागते. लता मंगेशकर दोन वेण्यांवरून ओळखता येतात, बाळासाहेब ठाकरे रुद्राक्षाच्या माळेवरून, पु. ल. देशपांडे चष्म्यावरून. अशी छायाचित्रं दाखवली तर रुग्ण उत्तीर्ण होतो आणि दोष झाकला जातो. म्हणून पुठ्ठ्याला अंडाकृती खिडकी कापून केस, कान, गळा झाकला, आणि चष्मा नसलेली छायाचित्रं शोधली. पूर्ण छायाचित्रांत आप्पांनी २१ ओळखले, खिडकीतून फक्त ४. मग नावं तोंडी सांगून ‘हे कोण’ विचारलं, तर २९ जणांची माहिती बिनचूक. माणसं आठवणीत शाबूत होती, त्यांच्यापर्यंत चेहऱ्याच्या वाटेनं पोचता येत नव्हतं.

अनोळखी चेहरे जुळवण्याच्या बेंटन चाचणीत ५४ पैकी ३१ आले. ४१ पासून वर सामान्य धरतात. इथं गुणांइतकाच वेळ महत्त्वाचा. भुवई आणि केसांची रेघ ताडून, एकेका पानावर मिनिट-दोन मिनिटं घालवून, चेहरा न ओळखणारा माणूसही या चाचणीत बऱ्यापैकी गुण काढू शकतो. आप्पांना तेवढं करूनही जमलं नाही. याचा अर्थ साठवण बिघडलेली नसून त्याआधीची, चेहरा घडवण्याचीच पायरी ढासळली होती.

शेवटी चेहरे उलटे करून दाखवले. १९६९ मध्ये रॉबर्ट यिन यांनी दाखवून दिलं होतं की चित्र उलटं केलं की घरं किंवा विमानं ओळखण्यापेक्षा चेहरे ओळखणं फार जास्त बिघडतं. कारण सरळ चेहरा आपण तुकड्यांत वाचत नाही. डोळ्यांतलं अंतर, नाकाखालची जागा, सगळं एकदम घेतो, आणि उलट्या चेहऱ्यात ही सोय बंद पडते. आप्पांना सरळ आणि उलटा, दोन्ही सारखेच अवघड गेले. सरळ चेहऱ्याला मिळणारी सवलतच उरली नव्हती.

याचा एमआरआयशी मेळ बसला. चेहऱ्याचं काम मेंदूत एका ठिकाणी होत नाही. मागच्या खालच्या भागात एक थांबा आहे, त्याच्या पुढं फ्युसिफॉर्म नावाच्या मेंदूच्या घडीत दुसरा. हा दुसरा १९९७ मध्ये नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी नेमका दाखवला. भाव आणि नजरेची दिशा वाचणारा भाग वेगळा, वर बाजूला. तो आप्पांचा वाचला होता, म्हणून हसू कळत होतं. निरोगी मेंदूत चेहरा दिसल्यावर सुमारे १७० मिलिसेकंदांतच डोक्यावरच्या इलेक्ट्रोडना त्याचा ठसठशीत संकेत मिळतो, आणि तो उजव्या बाजूला जास्त ठळक असतो. इजा दोन्ही बाजूंना झाली तर दोष जास्त पक्का होतो, पण नुसती उजवी बाजू गेली तरी पुरतं. आप्पांची तीच गेली होती. दृष्टीचा वरचा डावा कोपराही त्याच शेजारातल्या इजेनं गेला, म्हणून हे दोन्ही दोष बऱ्याचदा जोडीनं येतात. तिसरा जोडीदार म्हणजे रंग फिके होणं. आप्पांना रंग ‘धुतल्यासारखे’ दिसत होते. शंभराची जांभळट आणि दोनशेची पिवळी नोट यांत ते दोनदा चुकले होते, पण हे त्यांनी कुणी विचारेपर्यंत सांगितलं नव्हतं.

निदान झालं: प्रोसोपॅग्नोसिया, म्हणजे चेहऱ्यावरून माणूस न ओळखता येण्याचा दोष. हे नाव १९४७ मध्ये योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरांनी डोक्याला इजा झालेल्या रुग्णांवरून दिलं. काही माणसांना हा दोष जन्मापासून असतो, शंभरात दोघांच्या आसपास असा अंदाज आहे, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. आप्पांचा मात्र एका सकाळी आला होता.

एक गंमत नोंदवण्यासारखी. आप्पा इंद्रायणी, आंबेमोहोर, कोलम असे तांदूळ अजूनही झटकन वेगळे करतात. फ्युसिफॉर्मचा तो भाग खास चेहऱ्यांसाठीच आहे की कुठल्याही सरावलेल्या बारीक नजरेसाठी, यावर शास्त्रज्ञांत जुना वाद आहे. आप्पांचा तांदूळ पहिल्या बाजूला मत देतो असं वाटेल, पण ते दाणा हातात चुरडतात आणि हुंगतात. त्यामुळे पुरावा म्हणून तो बाद.

पर्याय

औषधाचा पर्याय नव्हताच. यावर गोळी नाही. सहा महिन्यांनंतर आपोआप पूर्ण बरं होण्याची शक्यताही कमी, हे पहिल्याच बैठकीत सांगितलं. ते ऐकून पत्नी रडल्या आणि आप्पा म्हणाले, “म्हणजे डोकं फिरलेलं नाही ना? मग बघू.”

उरले चार रस्ते. दुकान मुलाकडं देऊन घरी बसायचं. उधारी बंद करून रोखीचा धंदा करायचा. चेहरे ओळखण्याचा सराव करून घ्यायचा. किंवा चेहरा सोडून इतर खुणांवर काम चालेल अशी दुकानाची पद्धत बदलायची. मुलगा पुण्यात नोकरीला, त्यामुळे पहिला रस्ता कागदावरच राहिला. रोखीचा सल्ला बाहेरचे सगळे देत होते, पण महिन्याच्या पगारावर आणि उसाच्या बिलावर जगणारं गिऱ्हाईक रोखीनं चार दुकानं पुढं जातं. आप्पांनी तो एका वाक्यात उडवला.

सरावाबद्दल अपेक्षा मोजूनमापून ठेवाव्या लागल्या. संशोधनात पी. एस. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका महिलेचं प्रकरण इथं उपयोगी पडलं. त्या बालवाडीत शिकवत. १९९२ मध्ये लंडनमध्ये बसची धडक बसून डोक्याला इजा झाली, आणि नंतर बाकी बहुतेक सगळं सावरलं, चेहरे नाही. त्यांचा उजवा फ्युसिफॉर्म भाग शाबूत आहे आणि स्कॅनमध्ये चेहरे बघून तो जागाही होतो. तरी ओळख पटत नाही, कारण त्याच्या मागचा थांबा मोडला आहे. दुसरी गोष्ट जास्त कामाची: त्या डोळ्यांऐवजी तोंडाच्या भागावर जास्त भर देतात. आप्पांना एखादा चेहरा वर्णन करायला सांगितला तर तेही मिशी, ओठ, दात सांगत. डोळ्यांचा उल्लेख विचारल्यावरच. माणसामाणसांतला फरक डोळे-भुवयांच्या पट्ट्यात जास्त असतो, तिथंच त्यांची नजर कमी जात होती. म्हणून सराव करायचा ठरला, पण वरून खाली, भुवयांपासून.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो गावाला सांगायचं की नाही यावर. पत्नीचा विरोध भावनिक नव्हता, धंद्याचा होता: “दुकानदाराला माणूस ओळखू येत नाही हे पसरलं तर उद्या कुणीही येऊन दुसऱ्याच्या नावावर साखर नेईल.” मुलगी म्हणत होती, “आणि न सांगता माज आला म्हणतात, ते चालतं का?” दोघींचंही बरोबर होतं. आप्पा स्वतः दोन आठवडे गप्प होते. शेवटी ठरलं ते असं: नातेवाईक, शेजारची चार दुकानं, कट्ट्यावरचे सोबती आणि घाऊक व्यापारी अशा वीसेक जणांना पूर्ण सांगायचं. बाकी गिऱ्हाइकांना ‘नजर कमी झालीय, ओळख द्या’ एवढंच. हे अर्धसत्य आहे आणि ते सर्वांना मान्य होतं असं नाही. न्यूरोसायकॉलॉजिस्टचं मत पूर्ण सांगावं असं होतं.

काय केलं

उधारीला खाते क्रमांक आले. गिऱ्हाइकानं क्रमांक सांगायचा, आप्पांनी वही उघडून मोठ्यानं वाचायचं, “सत्तेचाळीस, गवळी, धाकट्या वहिनी. बरोबर?” आणि गिऱ्हाइकानं हो म्हणायचं. क्रमांक हे खरं तर निमित्त. त्यामुळे गिऱ्हाइकाला तोंड उघडावं लागतं, आणि दोन शब्द कानावर पडले की आप्पांना माणूस कळतो. पूर्वी गर्दीत बायका नुसती यादी पुढं सरकवत, त्यात आवाजच येत नसे. चुका सातच्या गर्दीत का व्हायच्या, याचं कारण इथं आहे. शिवाय दुसऱ्याचा क्रमांक सांगणाऱ्याचा आवाज जुळला नाही तर आप्पा थांबतात, म्हणजे पत्नीची भीतीही बरीचशी भागली.

दुसऱ्याच आठवड्यात ही पद्धत अडखळली. संध्याकाळी येणाऱ्यांत बरीच मुलं, आईनं पाठवलेली. त्यांना क्रमांक आठवत नाही, आणि मुलांचे आवाज आप्पांना एकसारखे वाटतात. मग क्रमांक लिहिलेल्या छोट्या खातेपुस्तिका केल्या. माल देताना नोंद दोन्हीकडं, पुस्तिका नसेल तर रोख. यावर कुरकुर झाली, महिन्याभरात थांबली.

माणसांच्या खुणांची एक वही मुलीनं लिहून काढली. सुरुवातीला आप्पा सोपी खूण पकडत: निळा शर्ट म्हणजे पोस्टमन. दुसऱ्या दिवशी निळा शर्ट घालून सोसायटीचा सेक्रेटरी आला. म्हणून खुणांची उतरंड लावली. कपडे, दाढी, चष्मा, टिकली, केसांचा रंग यांवर विसंबायचं नाही. चाल, उंची, खांद्यांची ठेवण, तुटका दात, कानाची पाळी, तीळ, व्रण यांवर भर. वयस्कर बायकांच्या बाबतीत हनुवटीवरचं आणि मनगटावरचं गोंदण सगळ्यात भरवशाचं ठरलं; ते जन्मभर हलत नाही आणि प्रत्येकीचं निराळं.

घरी नियम एकच: आधी बोलायचं, मग समोर यायचं. बाजारात किंवा जत्रेत चुकामूक झाली तर कुठं थांबायचं ते आधी ठरवायचं, शोधत फिरायचं नाही. मोटरसायकल बंद. वरचा डावा कोपरा न दिसणं रस्त्यावर चेहऱ्यांपेक्षा जास्त धोक्याचं होतं, आणि यावर आप्पा सगळ्यात जास्त चिडले. गल्ल्यात नोटांसाठी वेगवेगळे कप्पे केले. रंगावर न जाता आकडा वाचूनच नोट टाकायची.

सराव बारा जणांच्या चेहऱ्यांवर झाला. रोज २० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, आठ आठवडे. प्रत्येक चेहऱ्याची तीन वैशिष्ट्यं शब्दांत मोठ्यानं म्हणायची, पहिलं भुवया-डोळ्यांचं. ‘भुवया मधे जुळलेल्या, डावा डोळा बारीक, वरचा ओठ पातळ’ असं. पहिल्या दोन आठवड्यांत प्रगती इतकी झपाट्यानं झाली की संशय यायला हवा होता. चौथ्या आठवड्यात कळलं. प्रत्येकाचं एकच छायाचित्र होतं, घरी मोबाइलवर काढलेलं. आप्पा पुतण्याला त्याच्या मागच्या स्वयंपाकघरातल्या फरशीवरून ओळखत होते. त्यांनाही हे जाणवलं नव्हतं. मग प्रत्येकाची पाच नवी छायाचित्रं घेतली, निराळ्या उजेडात, निराळ्या कोनातून, आणि सगळी अंडाकृती खिडकीतून दाखवली. तीन आठवड्यांचं काम पुन्हा करावं लागलं.

निष्पत्ती

चौदाव्या महिन्यापर्यंत वादातल्या नोंदी महिन्याला अकरावरून एक-दोनवर आल्या. त्याही बहुतेक मुलांच्या, पुस्तिका विसरल्याच्या. दृष्टिक्षेत्र होतं तसंच. बेंटन चाचणीत ३१ चे ३३ झाले, म्हणजे बदल नाही असंच धरायचं.

सरावाचा निकाल मिश्र. शिकवलेल्या छायाचित्रांत १२ पैकी ९ ओळखू आले, त्याच माणसांच्या नव्या छायाचित्रांत ६, आणि माणूस न बोलता प्रत्यक्ष समोर उभा राहिला तर ४. ज्या चौघांना ओळखलं तिथंही आठ-दहा सेकंद लागत. आप्पा मनात यादी तपासत: भुवया, डोळा, ओठ. ही नेहमीची ओळख नाही, कोडं सोडवणं आहे. थकले किंवा घाईत असले की तेही जमत नाही. चुलतभावानं दाढी काढली तेव्हा तो यादीतून बाहेरच गेला, कारण त्याची तिसरी खूण दाढीच होती. दाढीवर विसंबायचं नाही हे वहीत लिहिलेलं असून सरावाच्या कार्डात ते राहून गेलं होतं.

कट्ट्यावर आप्पा परत बसतात. तिथले लोक आता आल्याआल्या स्वतःचं नाव घेतात, त्याची आधी थट्टा झाली, मग सवय झाली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक पहिल्या दिवसाची. चेहरा-हात-बोलणं एवढंच तपासून पक्षाघात नाही असं ठरवलं जातं, त्यात मेंदूच्या मागच्या भागाचा झटका निसटतो. अचानक एका बाजूला न दिसणं हेही त्याच यादीत असायला हवं. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मुदत साडेचार तासांची असते. आप्पा तिसऱ्या दिवशी पोचले. वेळेत पोचले असते तर सगळं वाचलं असतं असं म्हणता येत नाही, पण तो प्रश्न विचारण्याची संधीही गेली.

दुसरी जागा डिस्चार्जची. या धमनीच्या क्षेत्रात इजा दिसली की खाटेवरच पाच मिनिटांची तपासणी करता येते. नातेवाइकांच्या मोबाइलमधली घरच्यांची दहा छायाचित्रं, बोटांनी केस झाकून, कुणी न बोलता दाखवायची. नंतर चुकलेल्या माणसांची नावं सांगून माहिती विचारायची. रंग फिके वाटतात का आणि ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकते का, हेही विचारायचं. आप्पांना वाट चुकत नव्हती, हे नशीब. ती चुकणं या इजेबरोबर वारंवार येतं. हे केलं असतं तर पाच महिने आणि डोनेपेझिल दोन्ही वाचलं असतं. निदान औषध सुरू करण्याआधी ‘आवाजावरून ओळखतात का’ एवढं तरी.

कामाचा क्रमही उलटा हवा होता. सराव आणि दुकानाची पद्धत एकाच वेळी सुरू झाली आणि घरच्यांची सगळी आशा सरावावर गेली. आधी खाते क्रमांक, मग सराव असं केलं असतं तर सरावाचं अपयश इतकं लागलं नसतं. आणि सराव बारा जणांऐवजी पाच जणांवर करायला हवा होता: पत्नी, दोन्ही मुलं, नात आणि रोज माल आणणारा टेम्पोवाला. उरलेले सात जण तसंही बोलतच येतात.

चाचण्यांबद्दल एक अडचण राहिलीच. चेहऱ्यांच्या बऱ्याच प्रमाणित चाचण्यांत गोरे, परदेशी चेहरे असतात. ज्या वंशाचे चेहरे रोज बघण्यात नाहीत ते निरोगी माणसालाही जास्त अवघड जातात, त्यामुळे परदेशी सामान्य गुणांशी आप्पांची तुलना काटेकोर नव्हती. हातानं बनवलेली ३० छायाचित्रांची चाचणी जास्त विश्वासाची वाटली, पण ती आधी त्याच वयाच्या, त्याच गावच्या दहा-बारा निरोगी माणसांना देऊन बघायला हवी होती. ते झालं नाही. त्यामुळे खिडकीतून ४ हा आकडा किती वाईट, हे अंदाजानं म्हणावं लागतं.

लग्नसराईवर अजून तोडगा नाही. मांडवात सगळ्यांच्या डोक्याला एकाच रंगाचे फेटे, सगळ्या बायका ठेवणीतल्या साड्यांत, बँडच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, आणि गर्दीत चालही दिसत नाही. गेल्या वैशाखात पुतणीच्या लग्नात आप्पांनी नवरदेवाच्या काकांना दोनदा ‘नमस्कार, कुठून आलात?’ विचारलं. आता ते मांडवात पहिल्या रांगेत, बँडपासून लांबच्या टोकाला, मुलीच्या उजव्या हाताला बसतात; दिसत नाही ती बाजू तिच्याकडं. माणूस पाच-सहा पावलांवर आला की ती मान न वळवता हळूच म्हणते, “वाळव्याचे मामा.”